घरी कोण कोण आहे?

लष्करी वैद्यकीय संशोधनाच्या ज्या लॅबमध्ये आमचा जन्म गेला, तिने नुकतंच स्वतःच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक छापलं. एक प्रत मलाही आली. उद्घाटनं, रिबिनी, साहेबांचे ग्रुप फोटो! आमची गरम खोली मात्र दोन ओळींत उरकली आहे. चालायचंच. किस्से आमच्यासारख्या रिटायर लोकांकडे साठत जातात, आणि ऐकायला घरचेसुद्धा तयार नसतात!

आम्ही तिघे बुलढाणा जिल्ह्याचे लॅब असिस्टंट. मी उंद्रीचा, भगवान धामणगाव बढेचा आणि सगळ्यांत थोरले दत्तूभाऊ देऊळगाव राजाचे. साहेब लोक आम्हाला ‘बुलढाणा रेजिमेंट’ म्हणायचे. मागच्या दिवाळीत दत्तूभाऊंच्या पत्नी, शांतावहिनी गेल्या. मुलगा पुण्याला. तेव्हापासून हा माणूस भर उन्हात एकटाच शेतात राबतो, सांगून ऐकत नाही. मला आणि भगवानला त्यांची फार काळजी वाटत होती.

* * *

गरम खोली म्हणजे भट्टीच. वाळवंटात जाणाऱ्या जवानांना आत चालायला लावायचं आणि शरीर किती सोसतं ते बघायचं. पण जवानाला “कसा आहेस?” विचारून उपयोग काय? एक गडी “ठीक हूँ साब!” म्हणता म्हणताच आडवा झाला!

तेव्हा आमच्या डॉक्टर मॅडमनी नियम केला. कसा आहेस, हे विचारायचंच नाही. “घर में कौन कौन है?” असं विचारायचं. आत जाताना दिलेलं उत्तर आणि नंतरचं उत्तर जुळलं नाही की दार उघडायचं. विचारायचं काम दत्तूभाऊंकडे आलं.

* * *

एक जवान भल्यामोठ्या खटल्यातला निघाला. दत्तूभाऊंनी विचारलं आणि तो दादा, दादी, ताऊ, ताई असा सुरू झाला. चुलत्यांच्या पोरांपर्यंत आला तोवर टेस्टची वेळ संपली!

मॅडम वैतागल्या. “दत्तू, पुढच्या वेळी याला फक्त सासरची माणसं विचार.”

“मॅडम, सासर त्याहून मोठं हाय!”

* * *

बर्फातून आलेले जवानही तपासणीसाठी आमच्याकडे यायचे. बोटं काळी पडलेली. एकाचं तर पाऊलच कापावं लागलं. घरी जायच्या दिवशी भगवानने त्याच्या सामानात एकच बूट भरला.

तो म्हणाला, “दोनों रखो, भैया. एक देखेगी तो माँ समझ जाएगी.”

पोरगा कुबड्या घेऊन दारात उतरणार, म्हणजे आईला दिसणारच होतं. तरी भगवानने दुसराही बूट काढला. त्याने दोन्ही बुटांना पॉलिश केलं. “जास्त चकाचक मी त्या दुसऱ्यालेच केलं बे,” असं तो आजही सांगतो, आणि मग उठून पाणी प्यायला जातो.

* * *

एकदा गरम खोलीत एक कोवळा जवान होता. आत जाताना त्याने सांगितलं, “माँ और छोटा भाई.” बाप वारलेला. थोड्या वेळाने दत्तूभाऊंनी पुन्हा विचारलं, तर तो हसून म्हणाला, “माँ, छोटा भाई, और बापू खाट पर बैठे हैं.”

दत्तूभाऊंनी त्याला अक्षरशः उचलून बाहेर आणलं आणि बर्फात घातलं. पोरगा वाचला. त्या दिवसापासून मॅडमचा दुसरा नियम झाला, “मेलेला माणूस घरात आला की थांबायचं नाही, दार उघडायचं!”

* * *

या मे महिन्यात दत्तूभाऊ फोन उचलेनात, म्हणून मी आणि भगवान देऊळगाव राजाला गेलो. घराला कुलूप. शेतात गेलो, तर भर दुपारी हा माणूस धसकटं वेचत होता. डोक्याला रुमाल नाही. अंगाला हात लावला, तर तापलेलं आणि कोरडं, घामाचा थेंब नाही.

“भाऊ, सावलीत चला,” भगवान म्हणाला.

“काई नाई झालं मले. ठीक हाय मी.”

मी विचारलं, “दत्तूभाऊ, घरी कोण कोण आहे?”

“मी अन् शांता,” ते म्हणाले. “चहा ठेवून राह्यली ते. बसा न.”

आम्ही दोघांनी त्यांना उचललं, विहिरीजवळच्या हौदात बसवून भिजवलं आणि ऑटोत घालून दवाखाना गाठला. संध्याकाळी त्यांनी डोळे उघडले. सलाइन चालू होतं. नियम म्हणजे नियम, उत्तर जुळेपर्यंत विचारायचंच. मी पुन्हा विचारलं.

“दत्तूभाऊ, घरी कोण कोण आहे?”

त्यांनी खाटेच्या दोन्ही बाजूंना पाहिलं.

“मी,” ते म्हणाले.

भगवानने सुटकेचा श्वास सोडला. दत्तूभाऊंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

“चहा गाळून राह्यली होती बे ते. काऊन काढलं मले बाहेर?”