गाणं लागलं की चहा

आमच्या वाडीत साठाच्या आसपास माड आहेत. असं असताना गेल्या तीन वर्षांत लोकांनी मला स्टेजवर बोलावून आठ नारळ दिले. शाली वेगळ्या. त्यांतली एक मांजरीच्या पिल्लांखाली गेली, बाकीच्या कपाटात पडल्या आहेत. मुंबईत मिळालेला नारळ मांडीवर घेऊन मांडव्याच्या बोटीत बसायचं, मग अलिबागला बस बदलून मुरुडला यायचं, म्हणजे नारळाला त्याच्या माहेरी सोडायला आल्यासारखंच. कंडक्टर विचारतो, "गुरुजी, इकता का?" मी मान हलवतो. समजावून सांगायला त्राण उरलेलं नसतं.

हे नारळ गाण्यासाठी मिळाले असते तर मी कुरकुर केली नसती. तीस वर्षं हायस्कुलात संगीत शिकवलं, प्रार्थना बसवल्या, नाट्यगीतं गायलो, भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करून दिल्या. त्याचा सत्कार कोणी केला नाही. सत्कार होतो तो वेगळ्याच कामगिरीचा. चाळीस वर्षांपूर्वी एका सिनेमात मी परग्रहावरून आलो होतो.

सिनेमाचं नाव लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे ते आत्ताच हसायला लागले असतील, ज्यांना नाही त्यांचं काही अडलेलं नाही.

दिग्दर्शक आमच्याच तालुक्यातला. मुंबईत एका स्टुडिओत काही वर्षं काढून परत आला तो मराठीत विज्ञानपट काढायचं खूळ घेऊनच. गोष्ट अशी: एका ग्रहावरचे सगळे आवाज संपलेत. तिथला एक जण आवाज शोधत काशीदच्या किनाऱ्यावर उतरतो आणि शेवटी एक गाणं घेऊन परत जातो. दिग्दर्शकाला नट नको होता, गवई हवा होता. "मास्तर, बाकी काय कोणीही करेल, पण ते शेवटचं गाणं तुमच्याशिवाय कोण म्हणणार?" असं म्हणाला आणि मी पाघळलो. चालही मलाच बांधायला दिली होती. भीमपलासच्या अंगाची बांधली. महिनाभर पडवीत पेटी घेऊन बसायचो आणि बायको समोर सुपारी सोलत असायची. लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती.

शूटिंगचं फार सांगत नाही. चहाच्या खोक्यातला चंदेरी कागद अंगाला गुंडाळलेला, डोक्यावर अ‍ॅल्युमिनियमचा टोप, टोपाला छत्रीच्या दोन काड्या. उन्हात टोप तापला की कानाला चटके बसायचे. यान म्हणजे लग्नाच्या जेवणाची दोन मोठी पातेली, एकावर दुसरं पालथं. मी यानातून उतरलो तेवढ्यात गावातलं एक कुत्रं आलं, मला हुंगलं आणि यानावर तंगडी वर केली. पुन्हा शूटिंग करायला रीळ नव्हतं, म्हणून कुत्रं सिनेमात राहिलं. आज त्याच्या नावाने लोक टाळ्या वाजवतात.

अलिबागला सिनेमा तीन दिवस चालला. पहिल्या खेळाला मी सासुरवाडीची सगळी माणसं घेऊन गेलो. पडद्यावर मी उतरलो, भोवती बघितलं आणि म्हणालो, "इथे कोणी आहे का?" बाल्कनीतून कोणीतरी ओरडलं, "न्हाय!" जे थिएटर हशाने फुटलं ते पुढे आवरलंच नाही. माझ्या गाण्यापर्यंत लोक हसून दमले होते. गाणं लागलं आणि अर्धं थिएटर विडीला न् चहाला बाहेर गेलं. सासरे मान खाली घालून स्वतःच्या चपला बघत बसले होते.  येताना बसमध्ये बायकोने दोनदा माझ्याकडे बघितलं, काहीतरी सांगायचं होतं तिला, पण मी खिडकीबाहेर बघत राहिलो. घरी पोचल्यावर उंबऱ्यातच सांगितलं, "या घरात त्या सिनेमाचं नाव काढायचं नाही." तिने काढलं नाही.

मधली वर्षं बरी गेली. मग कोणाच्या तरी माळ्यावर जुनी कॅसेट सापडली, ती फोनवर आली, आणि जी पोरं तेव्हा जन्मलीही नव्हती त्यांनी तो सिनेमा डोक्यावर घेतला. हॉल घेऊन खेळ लावायला लागली. अंगाला चंदेरी कागद गुंडाळून येतात. काही जणांच्या टोपाला छत्रीच्या काड्याही असतात. मी पडद्यावर "इथे कोणी आहे का?" म्हटलं की तीनशे गळे एका दमात "न्हाय!" म्हणतात. कुत्रं आलं की "हाड् हाड्" होतं. आणि गाण्याचा तंबोरा लागला की कोणीतरी ओरडतं, "चला, चहा!" सगळे उठतात, शाळेतल्या कवायतीसारखे पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवतात आणि रांगेने बाहेर जातात. गाणं संपलं की परत येतात. पहिल्या खेळाला लोक गाण्याला उठून गेले होते हे त्यांनी कुठेतरी वाचलं, म्हणून आता ती प्रथा झाली आहे.

"सर, हे प्रेम आहे आमचं," एका मुलीने मला समजावलं. असेलही. तुम्हाला राग येत नाही ना, असंही विचारतात. येतो. पण राग टिकवायलाही अंगात बळ लागतं. मी पडद्याच्या बाजूला उभा राहतो, समोर तीनशे रिकाम्या खुर्च्या आणि वर फिरणारे पंखे. तिशीतला माझा आवाज त्यांच्यापुढे जीव तोडून गात असतो.

मुंबईच्या पहिल्या खेळाहून परतलो तेव्हा बायकोने चाळीस वर्षांत प्रथमच विषय काढला. नारळ बघून धीर आला असावा. म्हणाली, "गाणं कसं वाटलं हो लोकांना?" पाय दुखत होते, बोट लागून डोकं गरगरत होतं, खरं सांगायचं जिवावर आलं. म्हटलं, "आवडलं. अगदी शांत बसून ऐकतात." तिचा चेहरा असा काही उजळला की पुढच्या खेळानंतर मी आणखी एक थाप मारली. म्हटलं, "वन्स मोअर मिळाला."

झालं. तिने आळीभर केलं. दाराशी मासळी घेऊन येणारी कोळीण पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "म्हंजे आमचे गुरुजी लय मोठे हायत की! लोक पुन्ना पुन्ना म्हनायला लावतात!" बायको कौतुकाने माझ्याकडे बघत होती आणि मी बांगडे ताजे आहेत का ते बघत होतो.

या वर्षी गावातल्या मुलांनी ठरवलं, खेळ इथेच लावायचा, आमच्याच हायस्कुलाच्या सभागृहात, रविवारी दुपारी तीनला. मला विचारायला आली तेव्हा बायको दारातच उभी होती. म्हणाली, "मी पण येणार."

आठवडाभर मी तिला परतवायचा प्रयत्न केला. उकाडा फार असतो म्हटलं. पोरं गोंधळ घालतात म्हटलं. तिचे दोन्ही गुडघे गेलेत, जिना चढवत नाही, ते बोलून दाखवलं. "सभागृह तळमजल्यावर आहे ना? मग झालं तर." शनिवारी संध्याकाळी मनाशी पक्कं केलं, आता सांगून टाकायचं. उद्या सगळ्यांसमोर कळण्यापेक्षा आज माझ्या तोंडून कळू दे. तिला बोलावलं. ती ठेवणीतल्या दोन साड्या घेऊनच आली. "बरं झालं हाक मारलीत. यांतली कुठली नेसू?"

"निळी," मी म्हटलं.

सभागृह भरलं होतं. मुंबईची मंडळी सकाळच्या बोटीने आली होती. माझे जुने विद्यार्थी होते, त्यांची मुलं होती, आणि सगळीकडे चंदेरी कागदाचा चुरचुर आवाज. आम्हाला पुढच्या रांगेत पंख्याखाली बसवलं. पडद्यावर मी उतरलो, "न्हाय!" झालं. ती दचकली, मागे वळून बघितलं आणि ओठांत हसली. कुत्रं आलं तेव्हा मात्र मोठ्याने हसली, पदर तोंडाला लावून. त्याचं मला वाईट वाटलं नाही, कुत्र्याचं काम खरोखर चांगलं आहे. पण गाणं जवळ येत होतं. चाळीस वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या शेजारी बसून जी लाज वाटली होती तीच पुन्हा वाटत होती. या वेळी तर ती मी स्वतःच ओढवून घेतली होती.

तंबोरा लागला. "चला, चहा!"

खुर्च्या सरकल्या. रांग आमच्या समोरूनच निघाली, खांद्यावर हात, पावलं आपटत. ज्यांना मी सा रे ग म शिकवलं तेही होते त्या रांगेत. टोप घातलेली एक मुलगी वाकून बायकोला म्हणाली, "आजी, चला ना, चहा घ्यायला!"

"माझे गुडघे उठू देत नाहीत गं," ती म्हणाली. "तुम्ही या जाऊन."

दार लोटलं गेलं. सभागृहात आम्ही दोघंच. मी तिच्याकडे न बघता म्हटलं, "अगं, हे असं आहे बघ. ते जे मी तुला..."

"गप्प बसा जरा," ती म्हणाली. "ऐकू दे."

तिची बोटं मांडीवर ताल धरत होती. इतक्या खेळांना गेलो, पण ते गाणं खुर्चीत बसून नीट असं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आवाज चांगला होता माझा. आता लिहायला हरकत नाही, फार चांगला होता. पहिला अंतरा गेला. दुसरा आला, आणि त्याच्या मध्यावर तिची बोटं चुकली. थांबली, पुढची मात्रा शोधली आणि पुन्हा लागली.  

गाणं संपल्यावर ती म्हणाली, "दुसऱ्या अंतऱ्यात घाई केलीत."

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. रेकॉर्डिंगला त्यांनी ऐन वेळी सांगितलं होतं, गाणं लांबतंय, थोडं आवरतं घ्या. मी दुसऱ्या अंतऱ्यातली एक विश्रांती खाल्ली. मला ते कायम डाचत होतं, पण ऐकलंय कोणी म्हणून कोणाला कळणार, असंच धरून चाललो होतो.

"वेळ कमी होता," मी म्हटलं.

"ते काही का असेना. पडवीत बसवत होतात तेव्हा तिथे थांबायचात. ते थांबणंच तर गोड होतं."

"तुला आठवतंय?"

"म्हणजे काय! तेव्हाच सांगणार होते, अलिबागहून येताना. तुम्ही खिडकीतून तोंड आत घेतलं नाहीत. आणि घरी आल्यावर म्हणालात, नाव काढायचं नाही."

 चाळीस वर्षं मी लोकांवर रुसलो होतो की गाणं कोणी ऐकलं नाही. एक जण पहिल्या दिवशीच नीट ऐकून बसलं होतं आणि त्याचं तोंड मीच बंद केलं होतं. लाज वाटली. बरंही वाटलं, इतकं की चष्मा काढून पुसावा लागला.

"आणि ते वन्स मोअर..." मी म्हटलं.

"ते खोटं आहे हे कळलं होतं मला. वन्स मोअर मिळालेला माणूस घरी येऊन नारळ असा कोपऱ्यात भिरकावत नाही."

"मग आळीभर कशाला सांगितलंस?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

दार उघडलं आणि मंडळी चहाचा वास घेऊन आत आली. शेवटी सत्कार झाला. नववा नारळ मिळाला, तो तिने पिशवीत नीट ठेवला.

घरी येऊन हातपाय धुतो न धुतो तोच तिने पेटी काढायला लावली. ती पडवीत भिंतीला टेकून पाय लांब करून बसली, गुडघ्यांना तेल चोळत. मी फक्त तो अंतरा म्हटला. दम पुरत नाही आता, वरचा सूर फाटला. पण त्या जागी थांबलो.

"अजून जरा थांबायचं," ती म्हणाली. "पुन्हा म्हणा."

मी पुन्हा म्हटलं.