साहेब येतात त्या दिवसाचं पुस्तक

आमच्या गावात वाचनालय आहे असं कोणी म्हणालं, तर त्याला आधी विचारा, कोणत्या दिवशी? गाव वाशीम जिल्ह्यातलं, रिठदच्या पुढचं. नाव सांगत नाही, कारण तो माणूस अजून तिथंच आहे आणि मला भांडायचं असलं की मी समोर जाऊन भांडते, कागदावरून नाही.

वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीशेजारची एक खोली. अनुदान सरकारचं, चावी भाऊंची. भाऊ म्हणजे वाचनालयाचे अध्यक्ष. त्यांना अहोजाहो मी सवयीनं करते, आदरानं नाही. वर्षभर त्या खोलीत त्यांच्या सोयाबीनची पोती असत. तपासणीचे साहेब वर्षातून एकदा येत. आदल्या दिवशी पोती बाहेर निघत, झाडझूड होई, काचेच्या कपाटाचं कुलूप उघडे आणि पोरं गोळा करायला माणूस गावात फिरे. बाकावर बसायला वाचक पाहिजेत ना.

आठवीत असताना माझा नंबर लागला. आमच्या घरात शाळेची पुस्तकं सोडली तर छापलेलं काही नव्हतं. किराण्याच्या पुड्यांचे कागदसुद्धा मी उलगडून वाचायची.

"जे पायजे ते घे," भाऊ म्हणाले. "फक्त हालू नको. साहेब आले की मान खाली."

मी उचललं त्याच्या कव्हरवर किल्ला होता. तीन भावंडं हरवलेल्या वडलांना शोधत किल्ल्याखालच्या भुयारात शिरतात. साहेब कधी आले, कधी आलूपोहे खाल्ले, मला पत्ता नाही. बाकीची पोरं वाचायचं नाटक करत होती, मी भुयारात होते. साहेबांची गाडी निघाली तेव्हा भुयारात पाणी शिरायला लागलं होतं.

"चाल, ठेव आता."

"घरी नेऊ काय, भाऊ? उद्या आणून देतो."

"फाडशीन. तुमच्या घरात वाचते कोन?"

पोरं हसली. आमच्या घरात माझ्याआधी चौथीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं, हे खरं होतं. खरं होतं म्हणून जास्त झोंबलं. पानात कोंबडीचं पीस खुणेला ठेवलं आणि कपाटाला कुलूप लागलं.

वर्षभर ती तीन भावंडं गुडघाभर पाण्यात उभी. शेतात तण निंदताना, भाकरी थापताना मी त्यांना बाहेर काढायची वाट शोधत होते. पुढच्या तपासणीला पुस्तक उघडलं तर पीस जागच्या जागी. वर्षभरात गावातल्या एकाही माणसाचा हात त्याला लागला नव्हता. त्या दिवशी साहेबांना घाई होती. पाणी छातीपर्यंत चढलं आणि परत तेच, "ठेव आता."

दहावीच्या वर्षी मी नुकतंच पिसाचं पान उघडलं होतं. तेच साहेब चहाचा कप घेऊन माझ्यापाशी थांबले.

"काय वाचतेस, बाळ?"

मी सांगितलं. भुयार, काळोख, धाकटीचा सुटलेला हात. साहेबांनी कप खाली ठेवला.

"अरे वा! मग पुढं काय होतं?"

"पुढचं मालूम नाही, साहेब. मागच्या वर्षी तुमी लवकर गेलते."

साहेबांना समजलं. त्यांच्या तोंडावर मला ते स्पष्ट दिसलं. मग ते हसले, "हुशार आहे हो मुलगी," म्हणाले आणि पोह्यांकडे वळले. भाऊंपेक्षा मला त्या माणसाचा राग आजही जास्त येतो.

गाडी गेल्यावर भाऊंनी पुस्तक हातातून ओढलं. पीस खाली पडलं.

"तुले बसाले बलावलं होतं का बोलाले?"

घरी येईपर्यंत बातमी बाबांकडं पोचली होती. "काहून बोलली वं? त्याच्या वावरातून आपली वाट हाय. उद्या त्यानं काटे टाकले त बैलबंडी काय डोक्यावरून नेऊ?"

त्यानंतर मला कोणी बोलावलं नाही. वाशीमला कॉलेजात गेले. तिथं पुस्तक घरी नेऊ देतात हे खरं वाटायलाच मला किती दिवस लागले. जहाजं, वाळवंटं, बर्फ, दरोडेखोर, हाताला लागेल ते वाचलं. तेवढं एक पुस्तक तिथं नव्हतं. बीए झाले, आमच्या घरातली पहिली. दरम्यान वाटेचा अर्ज मीच लिहिला, तहसीलीत चकरा मारल्या आणि वाट कायमची मोकळी करून घेतली. कोणाची मेहरबानी नाही.

मागच्या वर्षी भाऊ स्वतः मोटरसायकलवर आमच्या दारी आले. "पोरी, उद्या साहेब येऊन राह्यले. तू आता शिकलेली. चार शब्द बोल ना, या लायब्ररीनं मले घडवलं मनून."

"बोलत नाही. बसतो."

"बरं, बस त बस."

पुस्तक कपाटात तिथंच होतं, एक कोपरा वाळवीनं खाल्लेला. मी सरळ पाण्यात उतरले. नवे साहेब आले, पोहे खाल्ले, गेले. पोरं पळाली. दाराशी पोत्यांचा ट्रॅक्टर येऊन थांबला.

"चाल, ठेव आता."

मी पान उलटलं.

"अवं, पोती लावाची हायेत."

"लावा ना. माह्या पायावर फक्त लावू नका."

पोतं उचललेला गडी फिसकन हसला. भाऊंनी त्याला शिवी दिली. मला देता आली नाही.

"अंधार पडून राह्यला."

"लाईट लावा मंग. बिल तुमच्या घरचं हाय काय?"

भाऊंनी लाईट लावली आणि चाव्या वाजवत दारात उभे राहिले. त्यांच्यासाठी मी एक ओळही भरभर वाचली नाही. तिघंही भावंडं बाहेर निघाली. वडील काही सापडले नाहीत. मी पुस्तक मिटलं.

"झालं काय एकदाचं?"

"झालं. आता दुसरं काढा."