पाटावरचा पाना

झेंडू आणि ग्रीसचा वास एकत्र आला की मला घोडबंदरचा घाट आठवतो. दसऱ्याची सकाळ होती. भाईंदरच्या आमच्या बिल्डिंगखाली मी जुन्या गाडीला हौसेने स्ट्रट बार बसवत होतो. बॉनेटखाली दोन्ही शॉकॲब्सॉर्बरच्या डोक्यांना जोडणारा लोखंडी दांडा, वळणावर गाडी डगमगू नये म्हणून. नट हाताने फिरवून पाना आणायला वर गेलो, तर आईने तो पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलेलं. पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, म्हणून काही न विचारता तसाच खाली आलो. उद्या आवळू, असं स्वतःला समजावलं आणि दुपारी आईला फिरवायला निघालो. घाटातल्या दुसऱ्याच वळणावर पुढून टक्क आवाज आला. "काय रे वाजतंय?" आईने विचारलं. "नवीन आहे, बसेल," मी म्हणालो. मागे ट्रक चिकटलेला, थांबायला जागा नाही. पुढच्या वळणावर पुन्हा टक्क झालं, स्टिअरिंग थरथरलं. कशीबशी गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं तर एक नट गायब, बाकीचे शेवटच्या आट्यावर. आईला सगळं सांगावं लागलं. ट्रकवालाही थांबला होता. "क्या हुआ?" म्हणत त्याने आपला पाना पुढे केला. त्यावरही कुंकू होतं. मी बिचकलो. आईने तो घेतला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. "घरचाही दिला असता की पुसून. विचारलंस का?" आता पाटावर पाना मांडायचं काम माझ्याकडे आलंय. आज दसऱ्याच्या सकाळी आधी खाली जाऊन एकेक नट आवळून आलो, मगच पान्याला कुंकू लावलं.