आमच्या वर्षाचे उंदीर

घरातली एक पोर शास्त्रज्ञ झाली की बाकीच्यांनी नुसतं तोंड उघडलं तरी किस्सा होतो. माझी पुतणी वर्षा पुण्याच्या लॅबमध्ये लागल्यापासून आमच्या शेलूबाजारच्या घरात इतके किस्से साठलेत, की सोयाबीन ठेवायला जागा नाही.

तिचं काम असं: गर्भातल्या मूळ पेशींपासून रोगाशी लढणाऱ्या पेशी बशीत वाढवायच्या, आणि जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांना टोचायच्या.

*

आमच्याकडे कोर्टाच्या तारखेलाही पेशीच म्हणतात. वर्षाचे वडील, म्हणजे आमचे दादा, धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणासाठी वाशीमच्या कोर्टात गेले. वकिलानं विचारलं, "पोरगी काय करते?"

"पेशी वाढवते."

"मंग पुण्याले कायले पाठवली? आमी इथं तेच करून राह्यलो."

*

दिवाळीला वर्षा आली आणि दुसऱ्या दिवशी निघाली. पेशींना ताजं खाणं घालायचा नंबर तिचा होता. वहिनी, म्हणजे तिची आई, म्हणाली, "त्यापरीस म्हशी पाळ. आपण नसलो तं शेजारीण धार तरी काढते."

*

मग वहिनीच पुण्याला गेली. उंदरांची खोली काचेतून बघितली. गाळलेली हवा, निर्जंतुक खाणं, आत जाणाऱ्याला टोपी, मास्क, गाऊन. बराच वेळ बघून म्हणाली, "वर्षे, तुह्या वेळच्या बाळंतपणात मले इतकं कोणी जपलं नाही."

*

एका खेपेला उंदरांच्या अंगात पेशी धरल्याच नाहीत. वर्षा फोनवर रडली. पुन्हा तसंच झालं असतं तर इतक्या वर्षांचं काम पाण्यात.

दादा म्हणाले, "संत्र्याचं पह्यलं कलम कोणाचं लागलं, सांग बरं? रीत बदल. रडून काहून राह्यली?"

तिनं खरंच पेशी वाढवायची रीत बदलली. तेव्हापासून मी गावभर सांगतो, पुण्याची लॅब दादांना विचारून चालते.

*

वर्षाच्या नव्या रीतीचा निकाल यायचा त्या दिवशी दादा आणि मी कृषी केंद्रात होतो. घरी उंदरांनी तुरीची पोती फोडली होती, औषध न्यायचं होतं. दुकानदारानं पुडी काढली आणि दादांचा फोन वाजला.

"धरल्या?" दादांनी एवढंच विचारलं. मग नुसतं "हो बाई, हो बाई."

फोन ठेवून उपरण्यानं डोळे पुसले. मला म्हणाले, "धरल्या रे. उंदराईच्या रक्तात तिच्याच पेशी फिरून राह्यल्या."

दुकानदार म्हणाला, "काका, एक देऊ का दोन?"

दादांनी पुडी परत सरकवली.

"राहू दे. आजच्या दिवस खाऊ दे त्याईले."