एस्तेरचे निसटलेले शब्द

एस्तेर गेल्याचं तिच्या भावाने फोनवर सांगितलं, तेव्हा मी सावेडीतल्या आमच्या शाळेत नववीच्या वह्या तपासत होते. "ताई, सकाळी गेली ती," एवढंच तो म्हणाला. हातातली वही मी पूर्ण तपासली, शेरा लिहिला, सही केली... आणि काय लिहिलं तेच आठवेना. दीड महिना झाला. अजून एका जागी फार वेळ बसवत नाही.

आम्ही दोघी बेलापूरच्या, शाळेपासूनच्या मैत्रिणी. तिचे वडील साखर कारखान्यात फिटर. आम्ही अकरावीत असताना त्यांना पक्षाघात झाला आणि सगळ्या शब्दांतला एक 'व्हय' तेवढा उरला. जेवलात का? व्हय. दुखतंय का? व्हय. नको असलं तरी व्हय, आणि मग डोळ्यांत पाणी. एस्तेर डॉक्टरांना विचारायची, "बाकीचे शब्द गेले कुठे?" डॉक्टर चिडायचे, पण तिचा तो प्रश्न सुटला नाही. त्यापायी ती भौतिकशास्त्र शिकली आणि बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत मेंदूच्या एमआरआयवर संशोधन करू लागली. वाचा गेलेल्या माणसाला यंत्रात झोपवायचं, चित्रं दाखवायची, मनातल्या मनात नावं घ्यायला लावायची आणि मेंदूचा कुठला भाग जागा होतो ते टिपायचं. परदेशी संचातली चित्रं तिने फेकून दिली. "आपल्या म्हाताऱ्यांना हा कसला प्राणी दाखवतात गं?" मग आम्ही फोनवर बसून नवी चित्रं ठरवली. विळा, सूप, घागर...

नवं यंत्र आलं की तपासणीसाठी आधी प्रयोगशाळेतलंच कुणीतरी आत झोपतं. एकदा असं यंत्र आलं, तेव्हा ती झोपली. बाहेर येऊन पडद्यावर पाहिलं, तर डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागेला लागून एक डाग. "माझा मीच पहिल्यांदा पाहिला," तिने मला सांगितलं. त्या आवाजात भीती होती की अभिमान, मला अजून ठरवता येत नाही.

ऑपरेशन झालं. गाठ पुन्हा वाढली. मग ती भावाकडे सावेडीत राहायला आली आणि शाळा सुटली की मी तिच्याकडे जाऊ लागले. पहिल्याच दिवशी तिने माझा हात धरला.

"नलू, माझा शब्द चुकला की लगेच सांगायचं. घरातले सांगणार नाहीत. तू मराठीची बाई, तुला बरोबर कळेल."

"सांगेन."

एका संध्याकाळी ती कंगव्याकडे बोट करून म्हणाली, "तो... केसांचा चमचा दे." मी कंगवा दिला आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाबद्दल बोलत सुटले. ती माझ्याकडे बघत राहिली. पुढे असं कितीदा तरी झालं. मी एकदाही सांगितलं नाही.

दफनानंतर भावाने मला तिच्या खोलीत नेलं. उशाशी एक लांबट वही होती. तारीख, वेळ आणि निसटलेला शब्द, अशा ओळींमागून ओळी; माझ्या लक्षात यायच्या कितीतरी आधीपासूनच्या. म्हणजे तिला सगळं कळत होतं. मग मला कशाला सांगून ठेवलं होतं? बहुतेक ते एकटीने टिपत बसणं तिला नको होतं... शेवटच्या पानांवर अक्षर गिचमिड. एका ओळीत शब्दाची जागा कोरी आणि पुढे फक्त, 'नलू होती. गप्प.'

वही मी घरी आणली. ती तिच्या प्रयोगशाळेकडे जायला हवी, असं भाऊ म्हणतो. बरोबरच आहे. रोज मी 'उद्या पाठवते' म्हणते. तिच्या ओळींखाली, मी ऐकून गिळलेले शब्द आठवतील तसे लिहायला घेतलेत. संपले असं वाटून वही मिटते, स्वयंपाकघरात जाते... आणि हात पुसत परत येते. आणखी एक आठवलेला असतो.