निरोगी माणसं शोधणारे काका

निरोगी माणूस दिसला की काकांचे डोळे लकाकायचे. ठाण्यातल्या आमच्या स्कॅन सेंटरमध्ये ते मुख्य तंत्रज्ञ होते आणि मी नवखी. रुग्णाला घेऊन आलेल्या धडधाकट नातेवाइकाला ते हळूच गाठत. "विसरायला होतं का हो? फीट वगैरे? नाही? मग एक विनंती होती."

साखरेसारखं, किंचित किरणोत्सारी औषध शिरेतून द्यायचं आणि मेंदूचा कुठला भाग ते किती शोषतो ते मोजायचं, हे आमचं काम. मशीनसोबत आलेली निरोगी मेंदूची मापं परदेशातल्या लोकांची होती. आपल्या माणसांची आपण घ्यावीत, असं डॉक्टरांनी ठरवलं आणि माणसं जमवायचं काम काकांनी अंगावर घेतलं. "आजार ओळखायचा, तर आधी चांगला मेंदू डोळ्यांखालून गेलेला हवा," ते म्हणत. किरणांचा धोका मात्र कुणापासून लपवत नसत. निम्मे लोक तिथूनच परत जात.

औषध दिल्यावर अर्धा तास अंधाऱ्या खोलीत गप्प पडून राहावं लागे. दिवा गावाहून सासूला घेऊन आलेल्या एका बाईंनी विचारलं, "अर्धा तास कोणी हाक नाही ना मारणार? मग मी येते." आल्या, आणि वेळ संपल्यावर म्हणाल्या, "झालं पण?" काका त्या दिवशी घरी जाईपर्यंत हसत होते.

पन्नाशीपुढचा एक माणूस कमी पडत होता, तेव्हा काका स्वतःच झोपले. स्कॅनवर नावं नसत, नुसते क्रमांक. मी मोजत गेले. एका मेंदूत मागच्या बाजूला दोन्हीकडे शोषण स्पष्ट कमी होतं, विसरण्याच्या आजारात दिसतं तसं. पुन्हा मोजलं, तेवढंच आलं. डॉक्टरांनी क्रमांकांपुढे नावं लिहिलेली वही उघडली आणि काकांना आत बोलावलं.

"काका, परत करू या," मी म्हटलं. "झोप झाली नसेल तुमची."

"झाली होती गं." त्यांनी पडद्यावरच्या त्या भागावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "यादीतून मला काढ. मला निरोगी धरलंत, तर उद्या कुणाचा तरी आजार तुम्हाला ठीकच वाटेल."

दोन वर्षांत त्यांनी नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी भाषणात माझं नाव त्यांना आठवेना. "ही आमची पोरगी," म्हणून वेळ निभावून नेली.

परवा ठाकुर्लीला त्यांच्या घरी गेले होते. काकूंनी चहा ठेवला. शहाडच्या एका बाईंचा आजार आमच्या यादीमुळे अगदी सुरुवातीलाच कळला होता, ते त्यांना सांगायचं होतं. एका माणसानं त्या यादीतून स्वतःला काढायला लावलं नसतं, तर तो आजार कदाचित नजरेतून निसटला असता, असंही मी सांगितलं. काका परक्याची गोष्ट ऐकावी तसे मन लावून ऐकत होते.

"कोण हो तो?"

"आमच्याकडे होते एक. मला सगळं काम त्यांनीच शिकवलं."

"मग त्यांना भेटत जा अधूनमधून," काका म्हणाले. "बरं वाटेल त्यांना."