वेधशाळा

पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे ‘वेधशाळा’ म्हणत. खाली यंत्रं धडधडायची, वर ऑफिसची फरशी थरथरायची, आणि साहेबांच्या केबिनबाहेर बसून ही हवामान सांगायची.

“वेधशाळा, आज काय?”

“दुपारपर्यंत ढगाळ. सही चहानंतर घ्या.”

अंदाज सहसा चुकत नसे. साहेबांनी पेनाचं टोपण दातांत धरलं की त्यांच्या वाटेला जायचं नाही. चष्मा कपाळावर गेला की काहीही मागावं. टेलिफोनवर बसणारी ही बाई अशीच पायरी पायरी वर चढली. साहेब सख्ख्या भावाशी भांडून आले त्या सकाळी बाकीचे तोंड चुकवत होते. ही सरळ आत गेली आणि “तुमचंच बरोबर होतं,” एवढंच म्हणाली. महिना उलटायच्या आत ऑफिस मॅनेजर झाली.

पुढे ते साहेब निवृत्त झाले आणि नवे आले. त्यांचा चेहरा म्हणजे गिलावा केलेली भिंत. ना भुवई हलायची, ना ओठांचा कोपरा. कागद नेला की “ठेवा” म्हणायचे, तेही एकाच सुरात. तिने विनोद करून पाहिला, वाईट बातमी सांगून पाहिली. भिंत ती भिंतच. तिची झोप उडाली. डोळे मिटले की तो चेहरा समोर यायचा. भांडी घासताना ताटाच्या बुडातून वर बघायचा. हा माणूस आपल्याला घरी बसवणार, असं तिच्या मनाने घेतलं.

अशात स्टोअरकीपरकाका आले. गावी त्यांची आई अंथरुणाला खिळली होती, रजा हवी होती.

“आत जाऊ का गं?”

तिला काडीचाही अंदाज नव्हता. पण ‘माहीत नाही’ म्हणायला जीभ रेटेना.

“आज नको, काका. रंग ठीक नाही.”

दुसऱ्या दिवशीही तिने तेच सांगितलं. त्याच दुपारी काकांना फोन आला. यंत्रांच्या आवाजात ते “काय? काय?” करत राहिले. आई गेली होती.

साहेबांनी तिला बोलावलं. “ते माझ्याकडे का आले नाहीत?”

“तुम्ही रागात दिसत होता.”

साहेबांनी गालावर बोट टेकवलं. “आजारपणात या नसा गेल्या. रागावलो तरी असाच, हसलो तरी असाच. धाकटी रोज विचारते, बाबा, आत्ता हसताय का? मी हो म्हटलं की मग ती हसते. तुम्ही इतक्या महिन्यांत एकदाही विचारलं नाहीत.”

त्यांच्या डोळ्यातून पाणी ओघळलं. ते रडत होते की तोही आजारच, तिला कळेना. आणि तेव्हासुद्धा तिने विचारलं नाही.

काका परतले तेव्हा म्हणाले, “तुझा काय दोष, पोरी? माझ्या भल्यासाठीच सांगितलंस.” त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं. त्यांच्या चेहऱ्यात तिने राग शोधला, माफी शोधली. काहीच सापडलं नाही. मग कॅशियरचाही चेहरा तसाच दिसू लागला, लिफ्टमधल्या माणसांचाही. जिकडे बघावं तिकडे डोळे, नाक, तोंड, आणि मागे कोणी नाही.

एका संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नवरा खिडकीपाशी कपड्यांच्या घड्या घालत होता. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली.

“अहो, तुम्ही माझ्यावर रागावलाय का?”

एवढ्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न तिने पहिल्यांदाच विचारला होता. त्याने हातातला शर्ट नीट घडी करून ठेवला.

“होतो,” तो म्हणाला. “बरीच वर्षं होतो. आता नाही.”

मग दुसरा शर्ट उचलला.

“जरा बाजूला हो. उजेड अडतोय.”